सॉफ्टवेअरवर चालणारे मोडेम : एक बोधप्रद अनुभव



संगणकाची भाषा अंकांची, तर दूरध्वनीची जुनी तार केवळ आवाज वाहून नेणारी. या दोहोंमधील दुभाषा म्हणजे मोडेम. अंकांचे ध्वनिसंकेतांत व ध्वनिसंकेतांचे पुन्हा अंकांत रूपांतर करणे, हे त्याचे कार्य. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्यानंतर कित्येक वर्षे आपल्याकडील घरे आणि कार्यालये याच उपकरणाद्वारे जगाशी जोडली जात. आज त्याची जागा फायबर आणि मोबाईलने घेतली आहे; तथापि त्या काळी उद्भवलेला एक प्रश्न आजही विचारात घेण्याजोगा आहे.

पूर्वीच्या मोडेममध्ये रूपांतराचे काम करणाऱ्या चिप आतच असत. १९८१ मध्ये हेज कंपनीने आणलेल्या स्मार्टमोडेमपासून ‘एटी’ या अक्षरांनी आरंभ होणाऱ्या आज्ञांची पद्धत रूढ झाली. संगणकाने सीरियल पोर्टमधून आज्ञा धाडावी, मोडेमने ती पाळावी. संगणकावर कोणती प्रणाली आहे, याच्याशी मोडेमला कर्तव्य नसे.

पुढे प्रोसेसर वेगवान झाले. तेव्हा उत्पादकांनी या चिप काढून त्यांचे गणित संगणकाच्याच प्रोसेसरवर सोपविले. कार्डाची किंमत उतरली. मात्र हे गणित करणारे सॉफ्टवेअर बहुधा केवळ विंडोजसाठीच लिहिले गेले आणि चिपची अंतर्गत माहिती गुप्त राहिली. ‘विनमोडेम’ हे एका कंपनीचे व्यापारनाम लोकांनी या साऱ्या वर्गालाच दिले.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेली लिनक्स ही युनिक्सच्या धर्तीची प्रणाली वापरणाऱ्यांची यामुळे कोंडी झाली. कार्ड संगणकात बसे, पण बोलत नसे. स्वयंसेवकांनी परिश्रमपूर्वक काही चिपसाठी मार्ग काढले. काही ड्रायव्हर उपलब्ध झाले, परंतु त्यांचा गाभा बहुधा बंदिस्त असे. लिनक्सच्या कर्नेलची आवृत्ती बदलली, की ते निरुपयोगी ठरण्याचा संभव असे. आणि आतील दोष इतर कोणास दुरुस्त करता येत नसे. कोनेक्झंट चिपसाठी लिनक्संट कंपनीने दिलेल्या ड्रायव्हरची विनामूल्य आवृत्ती १४.४ किलोबिटांवरच अडकविलेली होती. ५६ किलोबिटांचे मोडेम घेणाऱ्यास पूर्ण गतीसाठी निराळे मूल्य द्यावे लागे. स्वस्त वस्तू अशी महाग पडे. सीरियल पोर्टला जोडायचे बाह्य मोडेम घेणारा मात्र निश्चिंत असे.

येथे दोष तंत्राचा नव्हता. यंत्राचे काम सॉफ्टवेअरकडे देणे ही काटकसरच होय. दोष होता तो माहिती रोखून धरण्याचा.

शाळा, पंचायती आणि कार्यालये यांच्यासाठी प्रिंटर, स्कॅनर वा बोटांचे ठसे घेणारे यंत्र खरेदी करताना म्हणूनच तीन प्रश्न अवश्य विचारावेत. हे उपकरण मान्य मानकानुसार चालते काय? आपल्या प्रणालीसाठी त्याचा ड्रायव्हर आहे काय? आणि प्रणाली बदलल्यास अथवा कंपनी बंद पडल्यास ते चालू राहील काय? उत्तरे लेखी घ्यावीत. दरपत्रकात केवळ किंमत दिसते. परावलंबित्व दिसत नाही. सार्वजनिक पैशाने घेतलेली वस्तू दीर्घकाळ उपयोगी पडावी, ही जबाबदारी खरेदीच्या कागदावर सही करणाऱ्याची आहे.