दोष कोठे आहे?

बंद पडलेल्या यंत्रावर अजाण मनुष्य थाप मारतो, अर्धवट शिकलेला त्याचे भाग बदलू लागतो, आणि खरा कारागीर आधी दोष कोठे आहे हे शोधतो. इलेक्ट्रॉनिक उपकरणांतील दोष असा रीतसर शोधून दुरुस्त करण्याचे शिक्षण अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांत मिळते.

श्रोतेहो, इलिनॉय राज्यात जोलिएट येथे १९०१ साली निघालेले कॉलेज या परंपरेतील आद्य मानले जाते. महायुद्धाहून परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाच्या खर्चाची सोय १९४४ च्या कायद्याने झाली. आणि १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने अशा कॉलेजांचा देशभर विस्तार व्हावा असे सुचविले. फी बेताची, वर्ग सायंकाळीही, व दोन वर्षांत असोसिएट पदवी. त्यामुळे दिवसभर राबलेला संसारी गृहस्थही तेथे तरुण मुलांच्या शेजारी बाकावर बसू शकतो. त्याची धडपड नुसत्या पदवीसाठी नसते. हाती कसब यावे व चार पैसे अधिक मिळावेत, ही त्याची निकड असते.

आरंभ सावधगिरीपासून होतो. वीज तोडल्यावरही कपॅसिटरमध्ये उरलेला भार जिवावर बेतू शकतो. मग ओहमचा नियम येतो. १२ व्होल्ट दाब व १००० ओहम रोध असेल, तर प्रवाह १२ मिलिअँपिअर हवा. मापक शून्य दाखवीत असेल, तर वाट कोठे तरी तुटली आहे. गणिताचा कंटाळा केलेल्या प्रौढास त्या गणिताचा उपयोग येथे प्रथमच डोळ्यांनी दिसतो. डाख देतानाही असेच. ६३ भाग कथील व ३७ भाग शिसे यांचा डाख १८३ अंश सेल्सियसला वितळतो. पण सांधाच नीट तापला नसेल, तर वरून पक्का दिसणारा जोड पुढे दगा देतो.

परंतु खरी विद्या आहे ती विचाराच्या क्रमात. एकामागून एक आठ टप्पे असलेल्या यंत्रात एकच टप्पा बिघडला, तर प्रथम चौथ्यानंतर तपासावे. तेथवर सर्व ठीक असेल, तर दोष पुढल्या चारांत. नसेल, तर मागल्या चारांत. अशा तीन तपासण्यांत सदोष टप्पा सापडतो. निर्वात नळ्या मागे पडल्या, ट्रान्झिस्टर आले, १९५८ पासून एकाच चकतीवर संपूर्ण मंडल उतरू लागले; हा क्रम मात्र कायम राहिला.

तथापि उत्पादकाने नकाशा व सुटे भाग देण्याचेच नाकारले, तर ही विद्या काय कामाची? न्यूयॉर्क राज्याने डिसेंबर २०२२ मध्ये, आणि मिनेसोटा व कॅलिफोर्निया यांनी २०२३ मध्ये, अनेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाबतीत ही माहिती व भाग स्वतंत्र कारागिरांनाही मिळावेत असे कायदे केले. ते योग्यच झाले. रात्री जागून ज्याने दोष शोधण्याची कला मिळविली, त्याच्यासमोर यंत्राचे झाकण बंद ठेवणे हा त्याच्या विद्येवर अन्याय होय.