किलपेकच्या वळचणीखाली

इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सच्या सीमेलगतच्या हिअरफर्डशर परगण्यात किलपेक नावाचे छोटे खेडे असून तेथील संत मेरी आणि संत डेव्हिड यांचे पॅरिश चर्च, म्हणजे आसपासच्या रहिवाशांच्या नित्य उपासनेसाठीचे चर्च, ११४०च्या सुमारास तांबड्या वालुकाश्मात उभारले गेले. त्याची रचना साधी आहे: ग्रामस्थांसाठी मुख्य दालन, त्यापुढे धर्मगुरूंसाठी चॅन्सेल हे लहान दालन आणि शेवटी अर्धवर्तुळाकार गाभारा. दालनांमधील कमानीच्या खांबांवर संतांच्या मूर्ती एकावर एक कोरलेल्या आहेत.

प्रस्तुत वक्त्याचे लक्ष प्रथम वेधले, आणि आजही जेथून ते हलत नाही, ती जागा मात्र चर्चच्या आत नसून बाहेर, वळचणीखाली आहे. भिंतीच्या माथ्याशी चर्चला वेढा घालून, छपराच्या कडेचा भार पेलण्यासाठी जे दगड भिंतीबाहेर काढलेले असतात त्यांना कॉर्बेल म्हणतात, आणि किलपेकला असे सुमारे ८५ कोरीव कॉर्बेल शिल्लक आहेत. एकाच दगडावर कुत्रा आणि ससा शेजारी शेजारी बसवलेले असून कुत्र्याचे कान खाली लोंबलेले आणि डोळे वाटोळे आहेत; शिकारी आणि शिकार यांच्यात वैराचा मागमूसही दिसत नाही. अन्यत्र क्रूसासह ख्रिस्ताचे प्रतीक असलेले कोकरू आहे, वाद्य वाजवणारा माणूस आहे, तसेच आपले गुप्तांग दोन्ही हातांनी उघडे करून दाखवणारी स्त्रीही आहे. अशा स्त्रीशिल्पाला शीला-ना-गिग म्हणतात. ते वासनेविरुद्धचा इशारा होते की अनिष्टनिवारक, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. पवित्र कोकरू आणि ही स्त्री एकाच रांगेत, एकाच मापाच्या दगडांवर आहेत, आणि दोघांकडे काम एकच आहे, ते म्हणजे छपराची कड पेलण्याचे.

दक्षिण द्वाराच्या वरच्या अर्धवर्तुळाकार फलकावर वेलीसारखा जीवनवृक्ष असून बाजूच्या खांबांवर वेलींत गुरफटलेले योद्धे आहेत. हे काम ज्या कारागिरांच्या परंपरेतले आहे तिला आज हिअरफर्डशर शैली म्हणतात; अर्डिस्ली येथील बाप्तिस्म्याचे दगडी कुंड त्याच परंपरेतले आहे, मात्र कारागिरांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत.

त्याच परगण्यातील शॉब्डन येथेही याच शैलीचे चर्च होते. अठराव्या शतकाच्या मध्यास ते पाडण्यात आले आणि त्याच्या कोरीव कमानी उद्यानाची शोभा म्हणून उघड्या टेकडीवर मांडल्या गेल्या, जेथे ऊन, पाऊस आणि थंडी यांनी त्यांवरील आकृत्या पार झिजवून टाकल्या. किलपेकचा दगड मुळात टिकाऊ आहे, हे खरे. परंतु तेथील कॉर्बेल आपल्या मूळ जागी, छपराच्या आडोशाला राहिले, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची मानली पाहिजे, कारण इमारतीपासून तोडलेले शिल्प केवळ आपला अर्थच नव्हे तर आपला आसराही गमावते, हे शॉब्डनला डोळ्यांना दिसते. जॉर्ज लुईस यांनी १८४०च्या दशकात किलपेकची आणि १८५०च्या सुमारास शॉब्डनची रेखाचित्रे प्रसिद्ध केली. त्यांतील किलपेकची चित्रे आजही प्रत्यक्ष दगडाशी ताडून पाहता येतात. शॉब्डनच्या कमानींवर काय कोरले होते हे जाणून घेण्यासाठी मात्र अभ्यासकाला प्रथम त्या चित्रांकडेच वळावे लागते.