'ऊन' प्रत्ययाचा कर्ता

इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षक बंधुभगिनींनो,

'हॅविंग रीच्ड द स्पॉट, द अक्यूज्ड वॉज अरेस्टेड.' गिरगाव असो की लालबाग, मराठीतून विचार करून इंग्रजी लिहिणाऱ्याच्या हातून असे वाक्य सहज उतरते. त्याला म्हणायचे असते की पोलीस पोहोचले. इंग्रजी वाक्य सांगते की आरोपीच तिथे पोहोचला. आपण याला निष्काळजीपणा म्हणतो आणि लाल रेघ ओढतो. मला तो निदानातला दोष वाटतो. या विद्यार्थ्याने नियम मोडलेला नाही, मराठीचा नियम इमानाने पाळला आहे.

'घटनास्थळी पोहोचून आरोपीस अटक करण्यात आली' हे मराठीत निर्दोष आहे. पोहोचणारे आणि अटक करणारे एकच, मग ते वाक्यात दिसोत वा न दिसोत. 'बातमी ऐकून मला आनंद झाला' यात व्याकरणाने कर्ता आनंद, ऐकणारा मात्र 'मला'मध्ये बसलेला. 'पाऊस पडून हिंदमाताला पाणी तुंबले' यात तर दोन वेगळे कर्ते, आणि जोडणारा धागा केवळ कारणाचा. म्हणजे आपला 'ऊन' कर्ता अर्थावरून शोधतो. इंग्रजी धातुसाधित मुख्य वाक्याच्या व्याकरणातल्या कर्त्यालाच जाऊन चिकटते. काळाचेही तसेच. 'उठून, आंघोळ करून, डबा घेऊन लोकल पकडली' ही साखळी मराठीत कितीही लांबते. इंग्रजीत एकामागून एक 'इंग' लावले की क्रम विस्कटतो, कारण ते रूप बहुधा सोबत चाललेली किंवा लगतची क्रिया दाखवते. तिथे साधी क्रियापदे आणि 'अँड', 'देन' हेच बरे. बरे, 'ऊन' म्हणजे 'हॅविंग' हे समीकरणही टिकत नाही: 'बसून जेव' म्हणताना जेवण संपेपर्यंत बसणे चालूच असते.

कोणी म्हणेल, शेक्सपिअरही असे लिहितो. खरे आहे, 'हॅम्लेट'मधल्या भुताच्या तोंडच्या वाक्यात व्याकरण पाहिले तर बागेत झोपलेला राजा नसून साप ठरतो. पण प्रेक्षकाला कथा ठाऊक असते. परळच्या रुग्णालयातल्या नोंदीत कोणी कोणाला तपासले, हे वाचणाऱ्याला त्या एका वाक्यावरूनच कळायचे असते. 'समजले म्हणजे झाले' हा युक्तिवाद उच्चाराबाबत मला मान्य आहे. इथे मात्र समजतेच चुकीचे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर: इंग्रजीच्या तासाला मराठी आणूच नये. राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी ही रचना शिकण्याची वेळ येते तेव्हा मराठी वाक्य मुलाच्या डोक्यात घट्ट बसलेले असते. ते नाकारून जात नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी 1832 मध्ये 'दर्पण'च्या पानावर दोन्ही भाषा शेजारी ठेवल्या. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण 1836 चे, मोरो केशव दामल्यांचे 1911 चे. इतकी शिदोरी याच भाषेत असताना ती वर्गाबाहेर का ठेवायची?

म्हणून माझी मागणी लहान आहे. भाषांतराआधी मुलांनी प्रत्येक 'ऊन'खाली दोन उत्तरे लिहावीत: हे कोणी केले, आणि पुढची क्रिया सुरू झाली तेव्हा ते संपले होते का. करणारा मुख्य वाक्याचा कर्ता होत नसेल, तर धातुसाधित सोडून द्यावे आणि 'आफ्टर द पोलीस रीच्ड द स्पॉट, दे अरेस्टेड द अक्यूज्ड' असे सरळ लिहावे. आणि आपण शिक्षकांनी लाल रेघेऐवजी समासात तो हरवलेला कर्ता लिहावा.