मी वापरत नाही, मग मी का भरू?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षांचा आढावा अध्यक्षांनी घेतलाच आहे. तो मी पुन्हा घेत नाही. मला पंधरा-वीस मिनिटं दिली आहेत, आणि बँकेतल्या माणसाला मुदत पाळायची सवय असते. तेव्हा सरळ विषयावर येतो.

मागच्या सभेत एक विषय निघाला होता. गावात मुलांना बसून वाचायला जागा हवी, वाचनालयासाठी ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात कायमची तरतूद असावी, आणि तशी मागणी आपल्या संस्थेने करावी. त्यावर आपल्यातल्याच एका सभासदाने विचारलं, "मी काही वाचायला जात नाही. माझी मुलं पुण्याला. मग माझ्या घरपट्टीतून दुसऱ्यांच्या पोरांनी पुस्तकं का वाचायची?" सभेत हशा झाला आणि विषय पुढे ढकलला गेला. मला मात्र तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही. पैसे भरणाऱ्याला हिशेब विचारायचा हक्क आहेच. म्हणून आज त्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

प्रश्न नवा नाही. इंग्लंडच्या पार्लमेंटमध्ये १८५० साली सार्वजनिक वाचनालयांचा कायदा आला. नगरपालिकेने घरपट्टीच्या दर पौंडामागे अर्धा पेनी वाचनालयासाठी घ्यावा, एवढीच मागणी होती. त्यावर मोठा गदारोळ झाला. कर्नल सिबथॉर्प नावाच्या सभासदांनी तर उघड सांगितलं की मला वाचनाची मुळीच आवड नाही. शेवटी कायदा झाला, पण असा की त्या अर्ध्या पेनीतून इमारत बांधता येईल, माणूस ठेवता येईल, पुस्तकं मात्र घेता येणार नाहीत! पुस्तकं कोणीतरी देणगी द्यायची. पाच वर्षांनी, १८५५ साली, चूक दुरुस्त केली आणि अर्ध्याचा एक पेनी केला. सांगायचा मुद्दा हा की आपल्या सभेत जो प्रश्न आला, तो शहाण्यासुरत्या लोकांनाही पडलेला आहे.

आता आपल्या घरात बघू. संस्था सुरू झाली तेव्हा पहिला वाद कशावरून झाला, जुन्या सभासदांना आठवत असेल. शेवटच्या गल्लीतल्या दिव्यांवरून. पहिल्या गल्लीचं म्हणणं, आम्ही तिकडे जात नाही, त्या दिव्यांचं बिल आम्ही का भरायचं? दोन सभा त्यात गेल्या. मग सगळ्यांच्या लक्षात आलं की चोर शेवटच्या गल्लीतून आत आला तर तो तिथेच थांबणार नाही. बिल समान वाटून घ्यायचं ठरलं आणि पुन्हा कधी तो विषय निघाला नाही. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधीतही हेच तत्त्व आहे. ज्या इमारतीत लिफ्ट आहे, तिथला देखभालीचा खर्च सगळ्या सभासदांनी सारखा भरायचा, लिफ्ट वापरा अगर वापरू नका. तळमजल्यावरचाही भरतो. पण त्याच उपविधीत पाण्याचा आकार मात्र नळांच्या संख्येप्रमाणे आहे. म्हणजे सगळंच सरसकट वाटा असंही नाही, आणि सगळंच मोजून घ्या असंही नाही.

मग कुठे वाटायचं आणि कुठे मोजायचं? मला तीन कसोट्या सुचतात. पहिली, कोणी किती वापरलं हे मोजता येतं का? दुसरी, जो वापरत नाही त्यालाही फायदा पोहोचतो का? आणि तिसरी, पैसे लावले तर ज्याला सगळ्यात जास्त गरज आहे तोच बाहेर राहतो का? पिण्याचं पाणी मोजता येतं, तिथे पट्टी असावी. रस्त्यावरचा दिवा मोजता येत नाही, तो सगळ्यांचा. देवीची लस टोचताना सरकारने कोणाकडून पैसे घेतले नाहीत, कारण एकाला देवी आल्या तर आळीला धोका. १९७७ साली आपला देश देवीमुक्त जाहीर झाला, त्याचा फायदा लस टोचून घ्यायला जे घाबरून पळाले त्यांनाही मिळालाच.

आपल्या भागाचं उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. नीरा डावा कालवा. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळाच्या काळात त्याचं काम हाती घेतलं गेलं आणि १८८५ च्या सुमारास पाणी वाहू लागलं. तो खर्च सरकारी तिजोरीतून झाला. त्या तिजोरीत ज्यांनी सारा भरला, त्यातल्या बहुतेकांनी बारामती कधी पाहिलीही नसेल. त्यांनी "आमचा काय संबंध?" असं म्हटलं असतं, तर या काठावर ऊस नसता, साखर कारखाना नसता, आणि ऊस-कारखान्याच्या पैशावर उभ्या राहिलेल्या आपल्यासारख्या वसाहतीही नसत्या. आपण दुसऱ्यांच्या कराचे लाभार्थी आहोत, हे आधी कबूल करू.

उलट बाजूचं उदाहरण माझ्या स्वतःच्या पगाराच्या स्लिपवर होतं. १९७५ साली राज्यात व्यवसाय कर सुरू झाला, आपण ज्याला प्रोफेशन टॅक्स म्हणतो. तो रोजगार हमी योजनेसाठी होता. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली ही योजना. शहरातल्या पगारदाराने थोडं द्यायचं, सरकारने तेवढीच भर घालायची आणि खेड्यातल्या मागेल त्या हाताला काम द्यायचं. शेवटच्या वर्षांत माझे महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० कापले जायचे, वर्षाचे २,५००. मी कधी रोजगार हमीवर खडी फोडली नाही. पण १९७२ च्या दुष्काळात आपल्याच जिरायती पट्ट्यातली माणसं खडी फोडताना मी पाहिली होती. त्यामुळे ती कपात मला कधी टोचली नाही. ते पैसे नालाबांध आणि पाझर तलाव होऊन आपल्या तालुक्यातच परत आले.

आता वाचनालयाकडे येतो. पुस्तक हे पाण्यासारखं आहे की दिव्यासारखं? पहिल्या कसोटीवर ते पाण्यासारखं आहे. कोणी किती पुस्तकं नेली याची नोंद असते, वर्गणी लावता येते. आपल्याकडची जुनी वाचनालयं अशीच वर्गणीवर उभी राहिली. रत्नागिरीचं १८२८ चं, नाशिकचं १८४० चं, पुण्याचं १८४८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. त्या लोकांचे उपकार आहेतच. पण वर्गणी देऊ शकणाऱ्यांचीच ती वाचनालयं होती. म्हणजे तिसऱ्या कसोटीवर नुसती वर्गणी नापास होते. ज्याच्या घरात पुस्तकांचं कपाट आहे त्याला वाचनालय नसलं तरी चालतं. ज्याच्या घरात दोन खोल्यांत सहा माणसं आणि एक टीव्ही आहे, त्याला वाचनालय लागतं.

हे ज्या राजाने सगळ्यात आधी ओळखलं तो आपल्याच मातीतला. सयाजीराव गायकवाड, नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकऱ्याच्या घरचे. त्यांनी बडोदा राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं की शाळा सुटली, पुस्तक मिळालं नाही, की पोरगं चार वर्षांत अक्षर विसरतं. म्हणून १९१० साली अमेरिकेतून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले आणि गावोगाव वाचनालयांची व्यवस्था लावली. त्यातला हिशेब मला बँकवाला म्हणून फार आवडतो. एक हिस्सा गावाने जमवायचा, तेवढाच पंचायतीने घालायचा आणि तेवढाच दरबाराने. गावाने काहीच केलं नाही तर दरबाराचंही नाही. म्हणजे फुकटही नाही आणि वाऱ्यावरही सोडलेलं नाही.

स्वातंत्र्यानंतर दोन वाटा झाल्या. मद्रास राज्याने १९४८ साली, डॉ. रंगनाथन यांच्या प्रयत्नांतून, ग्रंथालयाचा कायदा केला आणि घरपट्टीबरोबर ग्रंथालय उपकर घेतला. तामिळनाडूत तो आजही आहे. कर्नाटकातही आहे. आपल्या महाराष्ट्राने १९६७ साली कायदा केला, पण उपकर ठेवला नाही. लोकांनी संस्था काढायची आणि सरकारने वर्गवारीप्रमाणे, अ, ब, क, ड, अनुदान द्यायचं, अशी आपली पद्धत. लोकांचा पुढाकार राहतो, हा तिचा गुण. दोष काय, तो आकड्यात सांगतो.

गावातलं वाचनालय बहुधा 'ड' वर्गात सुरू होतं. त्याला वर्षाला ३०,००० रुपये मिळायचे. २०१२ नंतर थेट २०२२ साली ६० टक्के वाढ झाली. ४८,००० झाले. साठ टक्के म्हटलं की कानाला बरं वाटतं. पण बाराने भागा. महिन्याला ४,०००. त्यात ग्रंथपालाचा पगार, वीजबिल, वर्तमानपत्रं, पुस्तकं, सगळं. आता सांगा, या पैशात दार रोज वेळेवर कोण उघडणार? उघडतात ती माणसं मनाच्या ओढीने उघडतात. पण कोणाच्या चांगुलपणावर व्यवस्था किती दिवस चालवायची?

इमारतीला पैसे मिळतात, मंडळी. खासदार निधी आहे, आमदार निधी आहे, देणगीदार आहेत. इमारतीवर नाव लावता येतं, फीत कापता येते. ग्रंथपालाच्या पगारावर कोणाचं नाव लावणार? अमेरिकेतला पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी याने शेकडो गावांना वाचनालयं बांधून दिली, पण त्याची एक अट होती. इमारतीला मी जेवढे देतो, त्याच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी गावाने करातून द्यायची, तरच इमारत. त्याला माहीत होतं की भांडवली खर्च एकदाच असतो, चालू खर्च कायमचा. ज्या इमारतीला चालू खर्चाची तरतूद नाही, तिला लवकरच कुलूप लागतं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की कराचा पैसा इमारतीपेक्षा आधी माणसावर आणि वेळेवर लावला पाहिजे. समजा, गावात एक हजार घरं आहेत आणि प्रत्येकाच्या घरपट्टीतले महिन्याला दहा रुपये वाचनालयाकडे वळवले. महिन्याचे १०,००० झाले, वर्षाचे १,२०,०००. 'ड' वर्गाच्या अनुदानाच्या अडीचपट. घराला दहा रुपये, म्हणजे महिन्यातून एकदा चहा.

कायद्याची अडचण नाही. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवायच्या २९ विषयांत ग्रंथालय आहे. आपल्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या यादीतही ग्रंथालयं आणि वाचनालयं आहेत. अडचण इतकीच की ते 'करता येईल' असं काम आहे, 'करावंच लागेल' असं नाही. आणि जे ऐच्छिक असतं, ते पैसे कमी पडले की सगळ्यात आधी कापलं जातं.

"आता सगळं मोबाईलवर आहे," असंही काही जण म्हणाले. मोबाईलवर पुस्तक आहे, मान्य. पण शांतता नाही, टेबल नाही, शेजारी अभ्यास करणारं दुसरं पोर नाही. आपल्या गावातली मुलं पोलीस भरतीच्या, एमपीएससीच्या तयारीसाठी बारामतीला खाजगी अभ्यासिकेत महिन्याला काही शे रुपये देऊन बसतात. वर एसटीचा पास. मुलगा कसाही जातो. मुलीला सायंकाळी सातनंतर घरचे पाठवत नाहीत. म्हणजे गुण सारखे, जिद्द सारखी, आणि एकीला जागा नाही म्हणून ती मागे. उद्या त्याच मुली तलाठी होतील, नर्स होतील, बँकेच्या काउंटरला बसतील. म्हातारपणी आपल्याला त्यांच्यासमोरच उभं राहायचं आहे. दुसरी कसोटी इथे लागू होते. वाचनालयात न जाणाऱ्याचाही फायदा तो हाच.

पण कर भरणाऱ्याचीही बाजू आहे, आणि तीही मी सोडणार नाही. पैसे द्यायचे तर हिशेब हवा. दिवसाला किती जण आले, किती पुस्तकं गेली, दार किती तास उघडं होतं, याचा तक्ता दर महिन्याला फलकावर लागला पाहिजे. दोन वर्षं कोणी फिरकलंच नाही तर ते बंद करायचीही तयारी ठेवावी. घरपट्टी थकवून वर सेवा मागणाऱ्यांना मात्र माझ्याकडे उत्तर नाही. थकबाकीदार बँकेत असो, सोसायटीत असो की गावात, त्याचा बोजा प्रामाणिक माणसावरच पडतो.

तेव्हा या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने तीन सूचना ठेवतो. एक, आपल्या संस्थेने आपली सगळी घरपट्टी वेळेत भरावी आणि तसं ग्रामपंचायतीला कळवावं. मागणाऱ्याचे हात आधी स्वच्छ हवेत. दोन, येत्या ग्रामसभेत वाचनालयाच्या चालू खर्चासाठी स्वतंत्र तरतुदीचा ठराव आपण मांडावा. आणि तीन, बडोद्याच्या हिशेबाप्रमाणे आपला हिस्सा आपण आधी टाकावा. आपल्या हॉलच्या बाजूची खोली सायंकाळी सहा ते नऊ मोकळीच असते. तोवर ती गावच्या मुलामुलींना उघडावी. फक्त सभासदांच्या नव्हे, गावच्या. वीजबिल वाढेल, ते मी मान्य करतो. शेवटच्या गल्लीतल्या दिव्याचं आपण भरतोच आहोत, त्यात हेही जमेल.

कार्यकारिणीने हा विषय आता पुढे ढकलू नये, एवढी विनंती करून माझे दोन शब्द संपवतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.