भर उन्हात उडणारा पतंग



पतंग म्हटला की दिव्याभोवती घिरट्या घालणारा मातकट किडा डोळ्यांपुढे येतो. मी सांगतोय तो भर उन्हातही उडतो. पावसाळा सरता सरता देशावरच्या एखाद्या माळावरून चालत जा. पावलापुढच्या गवतातून पांढरं काहीतरी फडफडत उठतं, थोडं पुढे जातं आणि पुन्हा बसतं. घाई न करता जवळ जा, वाका. पंख अंगाभोवती गुंडाळून तो काडीला बिलगलेला असतो, जेमतेम बोटाच्या पेराएवढा. पांढऱ्या पंखांवर काळे ठिपके आणि त्यांच्यामधून कुंकवाचे टिपके पडावेत तशी लाल नक्षी. मागचे पंख उडतानाच दिसतात, पांढरेशुभ्र, वेड्यावाकड्या काळ्या किनारीचे. याचं शास्त्रीय नाव युटेथेसा पुल्चेला. ‘पुल्चेला’ हे लिनियसनं १७५८ साली दिलेलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ चिमुकला, देखणा.

एवढा नटून हा दिवसाढवळ्या पाखरांसमोर कसा येतो? त्याचं बळ अळीपणी खाल्लेल्या पाल्यात आहे. करड्या, केसाळ अंगावर नारिंगी पट्टे असलेली त्याची अळी भुरुंडीच्या कुळातल्या झाडांवर आणि खुळखुळ्यावर वाढते. या झाडांत गुराढोरांच्या यकृताला बाधणारं विष असतं. अळी ते अंगात साठवते आणि कोषातून बाहेर पडलेल्या पतंगातही ते उतरतं. लाल ठिपके म्हणजे ‘मला खाऊ नका’ अशी ताकीदच.

याच्या अमेरिकेतल्या भाऊबंदाचा अभ्यास कॉर्नेल विद्यापीठाच्या थॉमस आइसनर यांनी केला. तो पतंग कोळ्याच्या जाळ्यात अडकला, की कोळी त्याला चाचपतो आणि स्वतःच धागे तोडून मोकळा करतो! त्याचा नर मिलनाच्या वेळी मादीला विषाचा वाटा देतो, मादी तो अंड्यांना देते. बापाची ही शिदोरी मला फार हलवून गेली.

आपल्याकडे तागाच्या शेतात ही अळी पानं आणि कोवळ्या शेंगा फस्त करते. तिथे शेतकरी तिला कीड म्हणतो, ते बरोबरच आहे. माळाची गोष्ट मात्र वेगळी. कागदोपत्री आपण माळाला ‘पडीक’ म्हणतो, भुरुंडीला तण म्हणतो. पण या पतंगाचं सगळं घरदार तेच आहे. त्याचे कोष वाळल्या पाचोळ्यात पडलेले असतात. म्हणून एवढंच मागणं आहे, यंदा गवत वाळलं की माळाला काडी लावू नका.