सरहद्दीजवळचा समुद्र



समुद्र पाहायचा म्हटलं की आपण सातारा-सांगलीकडची माणसं घाट उतरतो. आंबा उतरला की गणपतीपुळे, कुंभार्ली उतरला की गुहागर. आज मी तुम्हांला फार लांबच्या किनाऱ्याची वाट सांगणार आहे. कच्छच्या पश्चिम टोकाला कोटेश्वर आहे, लखपत आहे. समोर कोरी खाडी, तिच्यापलीकडे सर क्रीक, आणि मग सिंध.

नाव काढलं की घरात पहिला प्रश्न येतो, "तिकडं कशाला? काही झालं म्हणजे?" ही काळजी खरी आहे. मे २०२५ मध्ये कच्छवर ड्रोन आले, भुजमध्ये रात्री दिवे मालवले गेले, तिथला विमानतळ बंद ठेवावा लागला. अशा दिवसांत कुणी जाऊ नये. पण वातावरण निवळल्यावरही आपण बेत पुढेच ढकलत राहतो, आणि त्याची झळ भुजोडीच्या विणकराला, अजरखपूरच्या छपाईवाल्याला बसते. मला हे बरं वाटत नाही.

आपल्याकडे सरहद्द कळते ती सुट्टीवर आलेल्या जवानाकडून. घरोघरी फौजी असलेलं अपशिंगे मिलिटरीसारखं गाव सातारा जिल्ह्यात आहे. पण सरहद्दीच्या अलीकडे माणसं नांदतात, मासेमारी करतात, लग्नं लावतात, हे जवानाच्या गोष्टींत येत नाही. एप्रिल १९६५ मध्ये इथल्याच कच्छच्या रणात सरदार पोस्टवर केंद्रीय राखीव पोलिसांच्या मूठभर जवानांनी पलीकडून आलेला हल्ला परतवला. १९६८ मध्ये लवादानं रणाचा वाद मिटवला, सर क्रीकचा मात्र राहिला. ९६ किलोमीटरची ती दलदलीची खाडी आजही वादात आहे, आणि पाण्यावर रेघ दिसत नसल्यानं दोन्हीकडचे मच्छीमार पकडले जातात. १९७१ च्या युद्धात भुजची धावपट्टी बाँबनी उखडली, तेव्हा शेजारच्या माधापरच्या बायकांनी ७२ तासांत ती पुन्हा उभी केली. त्यांचं स्मारक माधापरला आहे. तिथं थोडं थांबाच.

आता लखपत. दुरून दिसतो तो तट, सुमारे सात किलोमीटरचा, १८०१ मध्ये जमादार फतेह मुहम्मदानं बांधून घेतलेला. आत शिरलं की बाभळी, पडक्या भिंती आणि थोडीशी घरं. कधीकाळी सिंधूचा फाटा इथवर यायचा, भात पिकायचा, गलबतं लागायची. १६ जून १८१९ ला भूकंप झाला, उत्तरेकडची जमीन वर उचलली गेली. लोक त्या उंचवट्याला अल्लाह बंद म्हणतात. पाणी तुटलं आणि शहर हळूहळू रिकामं झालं. तटावर चढलात की वारा पदर धरू देत नाही. खाली चिखल आणि पाणी यांतला फरक डोळ्यांना कळत नाही. गावातल्या गुरुद्वारात गुरू नानकांच्या म्हणून जपलेल्या लाकडी खडावा आहेत. तिथं लंगरात मांडी घालून बसावं आणि वाढतील ते खावं.

सहलीच्या गाडीनं गेलात तर धोरडोचं पांढरं रण बघून परत याल. म्हणून माझं सांगणं आहे, आपलं आपण जा. बंगळूरहून येणारी आठवड्याची गांधीधाम एक्स्प्रेस मिरज, सातारा करत जाते. गांधीधामहून भुज, आणि भुजहून कोटेश्वर सुमारे दीडशे किलोमीटर, शेजारीच नारायण सरोवर. तिथं धर्मशाळा आहे, जेवणही मिळतं. वाटेत माता नो मढ हे देवस्थान लागतं.

नियम मात्र काटेकोर पाळायचे. ओळखपत्राची मूळ प्रत जवळ ठेवा. पांढऱ्या रणासाठी परवाना लागतो. सरहद्दीकडे जाणाऱ्या इंडिया ब्रिज या पुलाच्या पुढे सीमा सुरक्षा दलाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही. चौकीचे, जवानांचे, त्यांच्या बोटींचे फोटो काढू नका. जवान नको म्हणाला की नको. ड्रोन तर घरीच ठेवा. लखपतकडे फोनला रेंज नीट नसते, तेव्हा कुठल्या रात्री कुठे मुक्काम आहे ते घरी कागदावर लिहून द्या. निघण्याआधी भुजच्या परिस्थितीची बातमी बघा, आणि ताण असेल तर तिकीट बिनदिक्कत रद्द करा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा चांगली असते. नवरात्रात मात्र माता नो मढला पायी जाणाऱ्यांनी रस्ते भरलेले असतात, तेव्हा मुक्कामाची सोय आधी विचारून ठेवा.