चित्रपुस्तक आणि वालाचे बी

(बालवर्ग व प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यातील भाषण)



शिक्षणाच्या मोठमोठ्या प्रश्नांवर बोलणारी जाणकार मंडळी या व्यासपीठावर आहेत. मी मात्र एका अगदी लहान वस्तूविषयी चार शब्द बोलणार आहे. ती वस्तू म्हणजे वालाचे बी, आणि त्याच्या जोडीला एक चित्रपुस्तक. झाड कसे वाढते हे लहान मुलांना चित्रपुस्तकाच्या साहाय्याने कसे शिकवावे, एवढाच माझा विषय. बालवर्गात आणि पहिली-दुसरीत उभी हयात काढल्यावर मला जे थोडेफार उमगले, त्यात माझ्याच एका चुकीचा वाटा मोठा आहे. तीही आपणांपासून लपवणार नाही.

चित्रावरून शिकवणे ही काही आजची युक्ती नव्हे. कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाने १६५८ साली न्युरेंबर्ग येथे मुलांसाठी सचित्र पुस्तक काढले. झाडे, फळे, फुले यांची चित्रे आणि सोबत लॅटिन व जर्मन भाषेतला मजकूर, अशी त्याची मांडणी होती. पण जी वस्तू मुलाच्या हाती देता येईल ती प्रथम हाती द्यावी, असाच त्याचाही आग्रह होता. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने बोर्डी आणि कोसबाड येथे त्यांनी अंगणवाड्या व कुरणशाळा चालवल्या. भोवतालच्या परिसरात जे सापडेल ते तिथे शिक्षणाचे साधन झाले. या थोरांपासून मी एकच गोष्ट घेतली: चित्र आणि वस्तू यांची गाठ घालून दिली पाहिजे.

चित्रपुस्तक एक काम फार चांगले करते. जे मातीखाली घडते आणि डोळ्यांना दिसत नाही, ते ते दाखवते. बी फुगते, प्रथम मूळ बाहेर पडते, ते खाली जाते आणि मग अंकुर वर येतो, हा क्रम चित्रात स्पष्ट होतो. परंतु पुस्तकात एक उणीवही असते. त्यातला काळ आपल्या बोटात असतो. पान उलटले की अंकुर, आणखी एक उलटले की फूल! एका वर्षी माझ्या वर्गातल्या मुलांनी कुंडीत पेरलेले बी दुसऱ्या दिवशी सकाळीच उकरून काढले. त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. पुस्तकात पुढच्याच पानावर रोप होते, मग कुंडीत का नसावे?

जगातली दोन गाजलेली पुस्तके पाहा. रूथ क्राउस यांचे ‘द कॅरट सीड’ हे पुस्तक १९४५ साली निघाले. त्यातला लहान मुलगा गाजराचे बी लावतो. घरातली सगळी माणसे सांगतात की ते उगवणार नाही. तो रोज पाणी घालतो, तण काढतो आणि वाट पाहतो. अखेर गाजर येते. एरिक कार्ल यांचे ‘द टायनी सीड’ १९७० सालचे. त्यात वाऱ्याबरोबर अनेक बिया निघतात. एक उन्हाने जळते, एक बर्फावर पडते, एक समुद्रात बुडते, एक पाखराच्या पोटात जाते. शेवटी सर्वांत चिमुकले बी रुजते. पहिल्या पुस्तकात वाट पाहणे आहे, दुसऱ्यात सगळ्याच बिया जगत नाहीत हे सत्य आहे. म्हणून ही दोन्ही मला मोलाची वाटतात. मात्र दोन्हींच्या शेवटी गाजर आणि फूल खऱ्यापेक्षा अवाढव्य काढलेले आहे. गोष्टीत ते शोभते. आपण मुलांना एवढेच विचारावे, “आपल्या परसातले एवढे मोठे होते का?”

शिवाय कार्ल यांचे बी बर्फाखाली हिवाळा काढते. आपल्या कोकणातल्या मुलाने बर्फ पाहिलेले नसते. त्याने पाहिलेला असतो वैशाखात भाजलेला राब, मृगाची पेरणी, आषाढातली लावणी आणि भात कापून झाल्यावर त्याच ओलीवर पेरलेला वाल. ही आपली चित्रे आहेत. ती छापील पुस्तकात मिळाली तर उत्तमच, न मिळाली तर आपण ती काढावीत.

आता प्रत्यक्ष पद्धत सांगते. ती कोणत्याही शाळेला परवडण्यासारखी आहे. काचेचा एक रुंद पेला घ्या. आतून टीपकागदाची गुंडाळी बसवा. रात्रभर भिजवलेले वाल काच आणि कागद यांच्यामध्ये सरकवा आणि तळाशी थोडेसे पाणी ठेवा. पाणी वरपर्यंत भरू नका. बियालाही हवा लागते, बुडवून ठेवले तर ते कुजते. कच्चे वाल मुलांनी तोंडात घालू नयेत, याकडेही लक्ष असू द्या.

पेल्याशेजारी भिंतीवर चित्रपुस्तक उघडे टांगा. नियम एकच. पेल्यातले बी जिथवर आले असेल, तिथवरच पुस्तकाचे पान उलटायचे. बी फुगले की फुगलेल्या बियाचे पान. मूळ दिसले की मुळाचे पान. मुले रोज सकाळी धावत येतात आणि विचारतात, “बाई, आज पान उलटायचे का?” त्यांना उत्तर आपण देऊ नये. म्हणावे, “बियाला विचारा.” आमच्याकडच्या हवेत दोन-तीन दिवसांत मूळ डोकावते. पुढे वालाची दोन्ही दळे जमिनीवर उचलली जातात, त्यांच्यामधून दोन साधी पाने फुटतात आणि त्यानंतरची पाने मात्र तीन-तीन पर्णिकांची येतात. दळे सुरकुततात आणि गळून पडतात. बियाने बरोबर आणलेली शिदोरी संपली, हे मुलाला सांगावेही लागत नाही. दिवाळीनंतर हेच रोप शाळेच्या आवारात लावले तर साधारण तीन-साडेतीन महिन्यांत वाळलेल्या शेंगेतून पुन्हा बी हाती येते. मग पुस्तकाचे शेवटचे पान उलटायचे. तोवर वर्ष सरत आलेले असते.

पुस्तक शक्य तर शब्दांवाचूनचे, निव्वळ चित्रांचे असावे. आपल्या वर्गांत कोणाच्या घरी कोकणी बोलतात, कोणाच्या घरी उर्दू, आणि शाळेची भाषा मराठी. छापील शब्द समोर आला की काही मुले गप्प बसतात. निव्वळ चित्र असले की एक म्हणतो ‘मूळ’, दुसरा म्हणतो ‘जड’, आणि दोघेही बोट त्याच पांढऱ्या दोऱ्यावर ठेवतात. दोन्ही शब्द फळ्यावर लिहावेत. कोणाचाही शब्द खोडू नये.

इथे बसलेल्या मातांनाही मला काही सांगायचे आहे. आम्ही शिकलेल्या नाही, मुलाला काय शिकवणार, असे आपण म्हणता. अहो, बिरडे आपणच करता ना? वाल भिजत घालायचे, फडक्यात बांधायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकून सोलायचे. वरची साल, आतली दोन दळे आणि त्यांना चिकटलेला कोवळा मोड. बियाच्या रचनेचा पाठ याहून वेगळा नसतो. पुढच्या वेळी वाल सोलताना मुलाला शेजारी बसवा आणि पुस्तकातले चित्र त्याच्यापुढे ठेवा. इतकेच पुरे.

आता माझ्या चुकीविषयी. पुष्कळ वर्षे झाली. प्रत्येक मुलाची एक बाटली, तिच्यात एक वाल आणि दोऱ्याने शिवलेली एक वही असा आमचा उपक्रम चालू होता. रोज बी पाहायचे आणि जसे दिसेल तसे वहीत काढायचे. ते त्या मुलाचे स्वतःचे चित्रपुस्तक. सगळ्यांच्या वालांना मोड आले. एका मुलाच्या वालाला येईना. तो सर्वांच्या आधी शाळेत यायचा, बाटलीपुढे बसायचा आणि तेच चित्र पुन्हा काढायचा. सहा दिवस गेले. मला त्याचे वाईट वाटले. शनिवारी शाळा सुटल्यावर मी त्याचे बी काढून घेतले आणि मोड आलेले दुसरे ठेवले.

सोमवारी तो आला. बराच वेळ बाटलीकडे पाहत राहिला. मग त्याने वही उघडली आणि म्हणाला, “बाई, हे माझे बी नाही. माझ्या बियाला डोळ्याजवळ काळा डाग होता.” वहीत सहाही पानांवर तो डाग होता. मी गडबडून म्हणाले, “पाण्याने गेला असेल.” त्याने वाद घातला नाही. वही मुकाट्याने मिटून दप्तरात ठेवली.

ती वही मिटताना पाहून मला माझी चूक कळली. स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवावा की बाईंवर, असा पेच मी पाच-सहा वर्षांच्या मुलापुढे टाकला होता. त्याच दिवशी मधल्या सुट्टीनंतर मी वर्गापुढे खरे काय ते सांगितले. त्याचे बी माझ्या टेबलाच्या खणात कागदात गुंडाळलेले होते. ते आम्ही सर्वांदेखत फोडले. तो काळा डाग म्हणजे किडीने पाडलेले भोक होते, आणि आतला गर खाल्लेला होता. मुले गोळा होऊन पाहू लागली. त्याने दप्तरातून वही काढली आणि फोडलेल्या बियाचे चित्र काढले. त्या वर्षी वर्गातल्या सगळ्या वह्यांत फूल होते. त्याच्या एकट्याच्या वहीत न उगवलेले बी होते, आणि ते का उगवले नाही तेही होते.

२०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला आहे. या पायात काय घालायचे, हे आपल्या हातात आहे. मुलाने जे पाहिले ते त्याने निर्भयपणे सांगावे आणि शिक्षकाने ते ऐकून घ्यावे, याहून मोलाचे काही मला सुचत नाही.

शेवटी संस्थेला माझी एक लहानशी विनंती आहे. येत्या दिवाळीनंतर आपल्या प्रत्येक बालवर्गात दर मुलामागे एक बाटली, चार वाल आणि कोऱ्या कागदाची एक वही एवढे द्यावे. चार वाल अशासाठी, की एखादा किडका निघाला तरी तो गुपचूप बदलण्याचा मोह कोणा बाईंना होऊ नये.